टाकी तीनदा धुतली होती

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आधी नोकरी जाईल म्हणून टाळलं. नोकरी गेल्यावर अब्रू जाईल म्हणून. मग मनाची समजूत घातली, साडू आहेत तोवर नको, म्हातारपणी त्यांच्या जिवाला घोर कशाला. गेल्या उन्हाळ्यात साडूही गेले. आता टाळायला काही उरलं नाही. मात्र माझा हेतू फार पवित्र आहे असं कुणी समजू नये. मला सूड घ्यायचा आहे. एका शेठवर, आणि त्याच्याबरोबर स्वतःवर. साडूंवरचा सूड मी तेव्हाच घेऊन बसलो होतो. तो कसा घेतला तेच सांगतो.

मी शेती खात्यात होतो. निवृत्त झालो आणि त्याच वर्षी बीडजवळ रस्त्याला लागून एका शेठने डाळिंबाचं पॅकहाऊस उभं केलं. माल परदेशी पाठवायचा म्हणजे ऑडिट आलं. बागेत कोणतं औषध मारलं, कधी मारलं, औषधाची खोली कुलपात आहे का, तोडणीच्या बायांना हात धुवायला साबण आहे का, सगळं बघायला पुण्याकडून माणूस यायचा. आमच्या नेकनूरच्या पट्ट्यातल्या प्रत्येक बागायतदाराचं ऑडिट तेव्हा वेगळं व्हायचं आणि त्याचा जो तमाशा व्हायचा तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. प्रथमोपचाराची पेटी सगळ्यांत मिळून एकच. साहेब एका बागेतून निघाला की ती पेटी मोटारसायकलवरून आडवाटेने पुढच्या बागेत जायची. एकदा साहेबाने पेटीच्या झाकणावरचा हळदीचा डाग ओळखला. म्हणाला, "ही पेटी मघाशी पाहिली." बागायतदार म्हणाला, "साहेब, एका दुकानातून घेतल्या आमी समद्यांनी. हळद बी त्याच दुकानची."

शेठने मला बोलावलं आणि म्हणाला, "साहेब, हे सगळं सुटसुटीत करा." ते मी केलं आणि चांगलं केलं, हे मी आजही म्हणतो. सगळ्या बागायतदारांचा एक ग्रुप केला. औषधांची खोली एक, तिची किल्ली माझ्याकडे. फवारणीची डायरी सगळ्यांना एकसारखी. फवारणीची टाकीही एकच, ट्रॅक्टरच्या मागे जोडायची, सावडीने फिरवायची. आज तुझ्या बागेत, उद्या माझ्या, जसं आपल्याकडे पेरणीला एकमेकांचे बैल जायचे तसं. वर्षातून एकदा प्रत्येक बाग मी स्वतः तपासायची, सही करायची. मग पुण्याचा माणूस येऊन त्यातल्या मोजक्याच बागा बघणार, बाकीच्यांसाठी माझी सही धरणार. सर्टिफिकेट सगळ्या ग्रुपला मिळून एक. जे काम आठवडाभर चालायचं ते एका दिवसावर आलं. पेटीची मोटारसायकल बंद झाली.

पण सुटसुटीत करताना मी बघणारे डोळे कमी केले आणि माझी सही मोठी केली. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही असंही म्हणवत नाही. आलं होतं. गोड लागलं होतं.

साडूंची बाग ग्रुपमध्ये सगळ्यांत देखणी होती. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. आमच्या आणि त्यांच्या शेतात फक्त एक ओढा. माणूस मोकळा, मोठ्याने हसणारा, हाताला यश असलेला. माझं तसं नव्हतं. माझ्या रानात कापूस आणि तूर, तीही बटईने लावलेली. सासुरवाडीत थोरला जावई म्हणून त्यांचं पान आधी वाढलं जायचं, त्याचंही मला काही नव्हतं. नव्हतं, असं मी म्हणायचो.

सासुरवाडीला मेहुण्याच्या नातवाचं जावळ होतं. लिंबाखाली मटणाची पंगत बसली होती. साडूंचा माल नुकताच परदेशी गेला होता, सगळे त्यांना विचारत होते. कुणीतरी मला म्हणालं, "तुमी बी डाळिंब लावा की, तुमाला तर समदं म्हाईत हाय." मी काही बोलायच्या आत साडू म्हणाले, "त्यांनी कावून लावायचं? आमचे साडूभाऊ डाळिंब कागदावर पिकवत्यात. ना पाणी लागतं, ना तेल्या रोग येतो!"

पंगत हसली. वाढपी हातातली बादली खाली ठेवून हसला. मीही हसलो. पण मान वळवली तेव्हा दिसलं, बायांच्या घोळक्यात माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. त्या पदराने मला जे झालं ते साडूंच्या बोलण्याने झालं नव्हतं. घरी येताना गाडीवर ती म्हणाली, "ते चेष्टेनं बोलले ओ." मी म्हटलं, "मला कळतं." त्या दिवसापासून मी वाट बघत राहिलो. सूड घेणाऱ्याला घाई नसते. मी साडूंच्या बागेतली तपासणी कडक केली. औषधाची रिकामी बाटली बांधावर दिसली की लिहायचं, कुंपणातून शेळी आली की लिहायचं. ते हसून म्हणायचे, "लिहा साडूभाऊ, शेळीची बी सही घ्या." मला आणखी राग चढायचा.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. दसरा तोंडावर आला तेव्हाच विहिरी तळाला गेल्या. माझ्या कापसात बोंडअळी पडली आणि सावडीची टाकी तेव्हा माझ्या वाड्यापुढे उभी होती, कारण ग्रुपचा ट्रॅक्टर तिथेच लागायचा. नियम मीच केला होता, टाकी डाळिंबाशिवाय कशालाही वापरायची नाही. कापसाचं औषध डाळिंबाला चालत नाही, परदेशात तर मुळीच नाही. पण दारात टाकी उभी आहे, अळी बोंडं पोखरते आहे, आणि नाही म्हणणारा अधिकारी मीच. मी बटईवाल्याला सांगितलं, जोड आणि मारून घे.

दुपारी साडू टाकी न्यायला आले. फवारणी संपली की टाकी तीनदा धुवायची, हाही माझाच नियम. मी तो ग्रुपच्या खोलीच्या भिंतीवर रंगवून घेतला होता. तीनदा धुवायला जेवढं पाणी लागतं तेवढं त्या दिवशी माझ्या घरात प्यायलाही नव्हतं. बटईवाल्याने बादलीभर पाणी ओतून टाकी हलवली आणि ते बांधावर सोडलं, एवढंच धुणं झालं.

साडूंनी झाकणात डोकावून विचारलं, "धुतलीय ना?"

मी म्हटलं, "मी कोण आहे? तीनदा धुतली."

"तसं न्हाई, वास येतुया म्हणून इचारलं."

"वास तुमच्या नाकात आहे. न्यायची तर न्या."

ते टाकी घेऊन गेले. मी खोलीत जाऊन तपासणीच्या कागदावर तीनदा धुतल्याची खूण केली. बटईवाला आठ-पंधरा दिवसांत बायकोपोरं घेऊन ऊसतोडीला गेला. शिरूर कासारकडचा होता, मुकादमाची गाडी आली आणि गेला. त्यानंतर टाकीचं खरं माहीत असलेला इथे मी एकटाच उरलो.

तोडणीआधी प्रत्येक बागेतल्या फळांचा नमुना लॅबला जातो. रिपोर्ट आला. बाकी सगळे स्वच्छ. साडूंच्या फळांत कापसाचं औषध सापडलं. टाकी माझ्या रानातून सरळ त्यांच्याच बागेत गेली होती. टाकीत जे राहिलं होतं ते तिथेच उतरलं आणि पुढच्या बागा वाचल्या.

रिपोर्ट घेऊन मी शेठकडे गेलो. मी त्याला खरं सांगितलं. इथे मला माझी बाजू मांडायची नाही, शेठची उघडी करायची आहे. तो बदामी रंगाच्या मऊ खुर्चीत बसून पॅकिंगच्या बायांचे हजेरीचे आकडे बघत होता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, टाकी म्हणालात तर सगळा ग्रुप जातो. टाकी सगळ्यांची, सह्या सगळ्या तुमच्या. पुण्याचा माणूस एका सहीवर बोट ठेवेल आणि बाकीच्या सगळ्या खोट्या धरेल. माणूस म्हणालात तर एक माणूस जातो."

मी म्हटलं, "ते माझे साडू आहेत."

तो म्हणाला, "म्हणून तर कुणाला शंका येणार नाही. क्रेटमधलं एक फळ काढलं की क्रेट वाचतं."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. खरं सांगायचं तर शेठचं बोलणं संपायच्या आतच मला लिंबाखालची पंगत दिसायला लागली होती.

सभा पॅकहाऊसमध्ये झाली. फळं निवडायच्या पट्ट्यापुढे सगळे बागायतदार क्रेट उलटे टाकून बसले. मी रिपोर्ट वाचला. चोरून फवारणी झाली आहे असं सांगितलं. अशा माणसाला ग्रुपमध्ये ठेवलं तर सगळ्यांचा कंटेनर अडकेल. मग बागेचं नाव सांगितलं.

साडू उठून उभे राहिले. "म्या न्हाई मारलं."

"रिपोर्ट खोटा आहे का?"

"रिपोर्टाचं मला कळत न्हाई. म्या मारलं न्हाई एवढं कळतं. पोरगं बी डायरीत लिवल्याबिगर मारत न्हाई."

मागून एकजण म्हणाला, "बे, मग काय कापूस येऊन तुझ्या बागंत मुतला का?" सगळे हसले. बाजूचा तर मांडीवर हात मारून हसला. ते हसणं ऐकताना मला किती बरं वाटलं हे मी लपवणार नाही. छाती भरून आली होती. आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही. मी म्हटलं, "तुम्ही नसेल मारलं. घरात कुणी मारलं असेल. पोराला विचारा. आजकालच्या पोरांना घाई असते."

त्यांचा मुलगा सभेत नव्हता. लग्न होऊन वर्ष झालेलं पोर. बापाबरोबर बाग बघायचा, मला काका म्हणायचा. डायरी अशी लिहायचा की मी ती इतरांना नमुना म्हणून दाखवायचो. त्याच्यावर मी जे टाकलं ते का टाकलं, याला उत्तर एकच. साडूंच्या चेहऱ्यावर अजून थोडं हसू शिल्लक होतं. मला तेही नको होतं.

ते हसू गेलं. साडू खाली बसले नाहीत, चपला शोधून निघून गेले.

पुढचं मला बायकोकडून कळत गेलं. बापाने पोराला विचारलं. पोर म्हणालं, नाही मारलं. बाप म्हणाला, मी मारलं नाही, तू मारलं नाहीस, मग कुणी मारलं? तुझा काका खोटं बोलंल का? पोर म्हणालं, बोलंल. त्यावर बापाने सुनेदेखत त्याच्या तोंडात मारली. साडूंनी पोरावर कधी हात उचलला नव्हता, आणि उचलला तो माझी बाजू घेताना. पोर बायकोला घेऊन गेलं, पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायला लागलं. बाप त्याच्याशी बोलला नाही. चार दिवस नाही, चार महिने नाही. मरेपर्यंत नाही.

माल साध्या बाजारात गेला. सावडीत त्यांना कुणी घेईना. बाग ठेवली, पण फवारणी, छाटणी सगळं एकट्याने, आणि दुसऱ्याच्या बांधावरून जाताना लोक ऐकू जाईल असं बोलायचे, "बघा रं, कापूसवाले निघाले." माझी बायको म्हणायची, "तुमचं ऐकत्यात ते. तुमी जाऊन बापलेकाला समजावा." मी म्हणायचो, "त्यांच्या घरातलं भांडण आहे, आपण कशाला पडायचं?" ती माझ्याकडे बघत राहायची. मला वाटतं तिला शंका होती. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. ती आता हे वाचेल.

आता शेठ. त्या वर्षी कंटेनर गेला, ग्रुपचं सर्टिफिकेट टिकलं, आणि पुढे कुठल्याशा मेळाव्यात शेठला शाल मिळाली. एका दिवसात ऑडिट कसं होतं यावर तो बोलला. मी खाली चौथ्या रांगेत होतो. "आमच्या ग्रुपमध्ये प्रामाणिकपणाला तडजोड नाही," असं तो बोलला आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर त्याचा जावई मोबाईलवर सगळं करायला लागला. एक दिवस शेठ म्हणाला, "साहेब, तुम्ही खूप केलंत, आता आराम करा." किल्ली मागून घेतली. भिंतीवरचा माझा नियमही चुना मारून पुसला, त्यांना तिथे टीव्ही लावायचा होता.

शेठचं नाव मी लिहीत नाही. तो अजून धंद्यात आहे आणि हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो कोण ते कळेल, तेवढं मला पुरे. जे ऑडिटला येतात त्यांना मात्र सांगतो. त्याच्याकडे गेलात तर डायऱ्या बघू नका. डायऱ्या मी शिकवल्यात, त्यात तुम्हाला काही सापडणार नाही. टाकी शेवटची कुणाच्या रानातून आली ते विचारा. झाकण उघडा आणि वास घ्या. दुष्काळी साल असेल तर त्या दिवशी गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर आला होता का ते एखाद्या बाईला विचारा. आला नसेल तर टाकी तीनदा धुतल्याची खूण खोटी, मग खाली सही कुणाचीही असो. पॅकिंगच्या बायांना टोप्या कधी दिल्या तेही विचारा. तुमची गाडी फाट्यावर वळली की देतात. हे सगळं मीच बसवून दिलं आहे. जे मी बसवलं ते मीच मोडावं, एवढीच आता इच्छा आहे. शेठ म्हणेल म्हातारा चळला. म्हणू द्या.

आणि साडूंच्या मुला, तू तेव्हा जे एका शब्दात बापाला सांगितलंस ते खरं होतं. तुझा काका खोटं बोलला.

साडू जायच्या आधीच्या हिवाळ्यातलं सांगायचं राहिलं. मी बीडला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. परतीच्या एसटीत बसलो तर शेजारी साडू येऊन बसले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. मी कंडक्टरकडे तिकीट मागितलं तसं मला आवाजावरूनच ओळखलं. इतक्या वर्षांत आम्ही लग्नाकार्यात भेटायचो, पण बाया आजूबाजूला असायच्या. असं शेजारी शेजारी पहिल्यांदाच.

थोडा वेळ पावसापाण्याचं झालं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, एक इचारू? तुमाला तवाच कळलं व्हतं ना, पोरानंच मारलं म्हणून?"

मी हातातल्या तिकिटाची घडी घातली.

"तुमी सभेत त्याचं नाव घेतलं न्हाई. नुसतं म्हणलात, पोराला इचारा. दुसरा आसता तर नावानिशी मांडला आसता. लई मोठेपण हाय तुमचं."

मी म्हटलं, "जाऊ द्या आता."

"कावून जाऊ द्यायचं? म्या त्या जावळाला तुमची चेष्टा केल्ती. कागदावर डाळिंब म्हणलो. तुमी ते मनात धरलं न्हाई, उलट माझ्या घराची लाज राखली. पोरगं म्हणलं, टाकीतच काय आसंल. म्या म्हणलं, गाढवा, टाकी काकांनी तीनदा धुतली व्हती, म्या सोता इचारलंय." त्यांनी माझा हात चाचपून धरला. "त्याचा फोन येतुया. हिच्यापशी येतो. म्या घेत न्हाई. आता मातर वाटतं, मरायच्या आधी एकदा यावा. पर त्यानं कबूल करावं, एवढंच हाय माझं. नुसतं म्हणावं, हां दादा, चुकलं. मंग मी काय बी इचारणार न्हाई. तुमचं ऐकंल त्यो. तुमी बोलून बघता का?"

मी हो म्हटलं. मला हो म्हणवलं कसं, हे मला आजवर कळलेलं नाही.

"माफ करा साडूभाऊ," ते म्हणाले, "आमच्या घरामुळं तुमाला लई तरास झाला."

कंडक्टरने त्यांच्या फाट्याला घंटी मारली. ते पुढच्या सीटला धरून उठले. माझ्या तोंडात सगळं आलं होतं. जिभेवर होतं. मी त्यांच्या पाठीमागे दारापर्यंत गेलो, कोपराला धरून त्यांना खाली उतरवलं आणि म्हणालो, "पायरी बघून." त्यांनी खालून हात जोडले. गाडी निघाली.

जे म्हणायचं होतं ते असं होतं. साडूभाऊ, थांबा, गाडी जाऊ द्या. पोराने काही मारलं नाही. त्याने कबूल करायचं काही नाही. टाकी माझ्या कापसातून आली होती. मी ती तीनदा काय, एकदासुद्धा नीट धुतली नव्हती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते माहीत होतं. सभेत माहीत होतं. आत्ता तुम्ही माझा हात धरलात तेव्हाही माहीत होतं. घरी गेल्यावर त्याचा फोन घ्या. मला माफ करू नका, पण त्याचा फोन घ्या.